एका घरातले दोन भाऊ: गॅलिसियात राहिलेला आणि अर्जेंटिनाला गेलेला

सागरगोटा

गेली सहा वर्षं आम्ही स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसिया प्रांतातल्या विगो बंदरात राहतो. इथं ज्याच्याशी ओळख व्हावी त्याचं कुणी ना कुणी ब्युनोस आयर्सला असतंच. कुणाचे चुलत आजोबा, कुणाची आत्या. गॅलिसियाचे जिल्हे चार, पण ब्युनोस आयर्सला इथले लोक पाचवा जिल्हा म्हणतात. आणि तिकडे अर्जेंटिनात स्पेनच्या कुठल्याही भागातून आलेल्या माणसाला सरसकट 'गायेगो', म्हणजे गॅलिसियावाला, म्हणतात. इतके लोक इथून गेले.

माझ्या ऑफिसात ब्युनोस आयर्सची एक मैत्रीण आहे. तिचे आजोबा ओउरेन्से जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९२६ साली बोटीनं गेले. थोरला गेला, धाकटा घरी राहिला. मागच्या उन्हाळ्यात ती मला त्या खेड्यात घेऊन गेली. धाकट्याची मुलगी तिथंच राहते, वय सत्त्याऐंशी. तिनं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पत्रं, एक फोटो आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या. फोटोत थोरले आजोबा पांढरा एप्रन लावून स्वतःच्या किराणा दुकानाच्या दारात उभे आहेत. मागं फळ्यांवर छतापर्यंत डबे रचलेले.

यादवी युद्धानंतरच्या वर्षांत स्पेनमध्ये लोक उपाशी होते, तेव्हा या दुकानातून साखर, कॉफी आणि वापरलेले कोट गावी यायचे. म्हातारी म्हणाली, "माझ्या लहानपणी अंगावरचा प्रत्येक लोकरी कपडा समुद्रापलीकडचा होता."

त्याच डब्यात खाली २००२ सालच्या पावत्या होत्या. पैसे उलट्या दिशेनं गेले होते, गावातून ब्युनोस आयर्सला. म्हातारीनं आपल्या चुलतभावाला, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना, दर महिन्याला युरो पाठवले होते.

मी तेव्हापासून यावर वाचत्येय. अँगस मॅडिसन या अर्थतज्ज्ञांनी जुन्या काळापासूनचं दरडोई उत्पन्न एकाच मापात मांडलं आहे. त्यात १९१३ साली अर्जेंटिना सुमारे ३,८०० डॉलरवर आहे आणि स्पेन जेमतेम २,०५० वर. १९५० सालीही अर्जेंटिना दुपटीहून पुढे. १९७३ ला मात्र दोघं जवळजवळ बरोबरीत, ७,९६० आणि ७,६६०. त्यानंतर स्पेन पुढे निघून गेला.

एकाच आईची दोन मुलं. रक्त तेच, कष्टाची सवय तीच, शिकवणही तीच. तरी दोन पिढ्यांत चित्र उलटं कसं झालं? इथं अर्थशास्त्र, इतिहास जाणणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

आकडेमोड

चांगला विषय आहे. पण आधी एक हरकत नोंदवतो. देशाचं दरडोई उत्पन्न म्हणजे स्थलांतरितांच्या वंशजांचं उत्पन्न नव्हे. अर्जेंटिनाच्या सरासरीत उत्तरेकडच्या जुजुय प्रांतातला ऊसतोड मजूरही येतो आणि ब्युनोस आयर्सचा डॉक्टरही. 'माझे आजोबा स्पॅनिश' असं सांगणाऱ्यांची वेगळी मोजदाद तिथली जनगणना करत नाही. तिसऱ्या पिढीपर्यंत इटालियन, स्पॅनिश आणि इतर रक्त इतकं मिसळलं आहे की वेगळं करायचं ठरवलं तरी कठीण.

दुसरं, गेलेल्यांपैकी मोठा हिस्सा परतला. काही तर फक्त गव्हाच्या सुगीपुरते जायचे आणि हंगाम संपला की युरोपात माघारी. त्यांना 'गोलोंद्रिना' म्हणत, म्हणजे पाकोळ्या. तेव्हा तिथं उरले ते नेमके कोण, ज्यांचं बस्तान बसलं ते की ज्यांच्याकडे परतीचं भाडं नव्हतं ते, हे आधी ठरवावं लागतं.

पहिल्या पिढीवर मात्र चांगलं काम झालं आहे. सांतियागो पेरेझ यांनी १८६९ आणि १८९५ च्या जनगणनांतली माणसं नावानिशी जुळवली. युरोपातून आलेले लोक स्थानिकांपेक्षा वेगानं वरच्या कामाकडे सरकले आणि त्यांची मुलं स्थानिकांच्या मुलांच्या पुढे गेली, असं त्यातून दिसतं. म्हणजे तुमच्या फोटोतलं दुकान अपवाद नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. लेतिसिया आरोयो आबाद आणि ब्लांका सांचेझ-अलोन्सो यांनी १८९० च्या दशकातल्या ब्युनोस आयर्सच्या मजुरीचा अभ्यास केला. स्पॅनिश लोकांना भाषा येत होती, त्यांच्यात साक्षरताही इटालियनांपेक्षा जास्त होती. तरी कमाईत ते इटालियनांच्या पुढे नव्हते. इटालियन आधी आले होते, त्यांचे धंदे, त्यांची ओळखीची साखळी आधीच बसलेली होती. भाषा येते म्हणून माणूस पुढे जातो, हा आपला ठाम समज आहे. इथं तो टिकत नाही.

खाडीपलीकडे

आकडेमोड यांचं बरोबर आहे, पण सगळ्याचं मूळ जमिनीत आहे असं मला वाटतं.

अर्जेंटिनाच्या १८५३ च्या राज्यघटनेतलं २५ वं कलम सांगतं की सरकारनं युरोपातून येणाऱ्यांना उत्तेजन द्यावं. बोटीतून उतरणाऱ्याला सरकारी वसतिगृहात काही दिवस राहणं-जेवण फुकट मिळायचं. १९११ साली उघडलेली बंदरातली ती इमारत आज संग्रहालय आहे. माणसं बोलावली खरी, पण लाखोंच्या झुंडी आल्या तोवर पांपा या गवताळ मैदानाची सुपीक जमीन मोठमोठ्या इस्टेटींत वाटून झाली होती. आलेला माणूस खंडानं जमीन कसणार. मालक दोन-तीन वर्षांनी हुसकणार. १९१२ साली सांता फे प्रांतात आल्कोर्ता इथं या खंडकऱ्यांनी मोठा संप केला.

त्यामुळे गॅलिसियन माणूस शेतकरी असूनही तिथं शहरात थांबला. किराणा, खाणावळ, हॉटेलातला वेटर, ट्रामचा कंडक्टर, घरकाम. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्समधला जवळजवळ दर दुसरा माणूस परदेशात जन्मलेला होता.

इकडे गॅलिसियात उलट. जमिनीचे तुकडे रुमालाएवढे, पण त्यावर 'फोरो' नावाचा पिढीजात खंड. वर कुणी मठ किंवा सरदार, मध्ये दलाल, खाली कसणारा. आमच्या कोकणातली खोती ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. १९२६ साली कायद्यानं कसणाऱ्याला तो खंड एकरकमी फेडून जमीन आपल्या नावावर करायची वाट मिळाली. फेडायला पैसा कुठून आला? बऱ्याच घरांत तो अमेरिका खंडातून आला. म्हणजे थोरल्यानं काउंटरवर उभं राहून मिळवलेल्या पैशानं धाकट्याचा सातबारा कोरा झाला. ही बाजू 'कोण पुढे गेलं' या हिशेबात कुणी धरत नाही याचं मला वाईट वाटतं. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, त्यांची मनीऑर्डर आली की गावच्या घराची कौलं बदलायची. त्यांच्या नावावर मुंबईत शेवटपर्यंत काही नव्हतं.

सागरगोटा

खाडीपलीकडे, तुमच्या आजोबांबद्दल वाचून थांबले. अगदी हेच आहे. त्या खेड्यात चर्चच्या पलीकडे शाळेची दगडी इमारत आहे. दारावर पाटी: ब्युनोस आयर्समधल्या याच परगण्याच्या रहिवाशांच्या मंडळानं बांधली. गॅलिसियात अशा कितीतरी शाळा आहेत. वेटर आणि दुकानातले नोकर महिन्याला वर्गणी काढायचे, कारण आपल्याला निरक्षर म्हणून परदेशात जे सोसावं लागलं ते मागच्या मुलांना लागू नये. तिकडे स्वतःसाठीही त्यांनी खूप उभं केलं. १८५७ साली परस्पर मदतीची संस्था, १९०५ साली बँक, १९०७ साली सेंत्रो गायेगो, म्हणजे गॅलिसियन केंद्र, आणि पुढे त्याचं मोठं रुग्णालय. बँक आजही अर्जेंटिनातल्या मोठ्या खाजगी बँकांत आहे. रुग्णालय मात्र गेल्या काही दशकांत कर्जात बुडत गेलं. मैत्रीण त्याच रुग्णालयात जन्मली, त्यामुळे तिला हे बोलताना भरून येतं.

आता मला जे उमगत चाललं आहे ते लिहिते.

आपण 'राहिलेले' म्हणतो ते खरं राहिलेले नव्हतेच. म्हातारीचा नवरा १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडला गेला. अकरा वर्षं बांधकामावर होता. त्या काळात गॅलिसियातली गावंच्या गावं जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्सला जात होती. म्हणजे दोन्ही घरांतून माणूस परदेशी गेला. थोरल्या घरानं आपले कष्ट पेसोमध्ये साठवले, धाकट्या घरानं स्विस फ्रँकमध्ये. माझ्या मते सगळा फरक इथं आहे.

मैत्रिणीच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, खिळे, रंग, नळाचे वॉशर. १९८९ साली महागाई वर्षाला तीन हजार टक्क्यांच्या वर गेली. ती तेव्हा लहान होती, पण तिला आठवतं की वडील सकाळी पेन्सिलीनं किंमत लिहायचे, दुपारी खोडून नवी लिहायचे. शेवटी त्यांनी पाट्या काढून टाकल्या, गिऱ्हाईक आलं की घाऊक व्यापाऱ्याला फोन करून भाव सांगायचे. विकलेल्या मालाच्या पैशात तोच माल परत भरता येत नव्हता. असा धंदा कितीही प्रामाणिकपणे केला तरी भांडवल झिजतंच.

मग १९९१ साली एक पेसो म्हणजे एक डॉलर असा कायदा झाला. दहा वर्षं भाव स्थिर. लोकांनी विश्वासानं बँकेत डॉलर ठेवले, तिच्या वडिलांनीही. डिसेंबर २००१ मध्ये सरकारनं खाती गोठवली, आठवड्याला फक्त २५० पेसो काढायची मुभा. याला तिकडे 'कोरालितो' म्हणतात, म्हणजे लहान मुलाला अडवून ठेवायचं छोटं कुंपण. पुढच्या महिन्यात डॉलरची बांधणी सुटली आणि खात्यातल्या प्रत्येक डॉलरचे १.४० पेसो केले. काही महिन्यांतच बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर होता. वीस वर्षांची बचत निम्म्याहून कमी झाली. २००२ च्या शेवटी अर्ध्याहून जास्त लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली होती. त्यातले कितीतरी काल-परवापर्यंतचे मध्यमवर्गीय, दुकानदार, शिक्षक.

डब्यातल्या पावत्या त्याच वर्षाच्या.

डोंगरवाट

सगळं मन लावून वाचलं. एक बाजू सुटत्येय ती मांडते.

खाडीपलीकडे म्हणतात की जमीन आधीच वाटून झाली होती. ती कुणाकडून घेतली होती? १८७८ पासून जनरल रोका यांच्या मोहिमांनी दक्षिणेकडच्या मापुचे आणि इतर आदिवासींना मारून, हुसकून ती जमीन मोकळी केली. घटनेचं ते २५ वं कलम नुसतं 'बाहेरून येणारे' म्हणत नाही, 'युरोपातले' म्हणतं. गायेगो माणसाची चेष्टा झाली, त्याच्या अडाणीपणावर विनोद झाले, हे खरं. पण त्याची मुलगी शिक्षिका झाली, बँकेत लागली. उत्तरेकडच्या प्रांतांतून आलेल्या सावळ्या मजुराला, बोलिव्हिया-पॅराग्वेहून आलेल्या बाईला ती दारं इतक्या सहज उघडली नाहीत. तेव्हा स्पेनमधल्या चुलतभावाशी तुलना करताना अर्जेंटिनातल्याच शेजाऱ्याशीही करायला हवी. त्या शेजाऱ्याला २००२ मध्ये युरो पाठवणारं कुणी नव्हतं.

मांडवी

डोंगरवाटताई, शेवटचं वाक्य फार खरं आहे. आणि नुसते युरोच नव्हे, पासपोर्टसुद्धा.

मी गोव्याचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून नागरिकत्व घेता येतं. आमच्या वाड्यावरची कितीतरी घरं या वाटेनं गेली, ब्रेक्झिटच्या आधी थेट इंग्लंडला, स्विंडनला. म्हणून आजोबांच्या कागदाला काय किंमत असते ते मी घरात पाहिलं आहे. नावातलं एक अक्षर चुकलं की सहा महिने गेले. माझ्या मामानं बाप्तिस्म्याच्या नोंदीसाठी चर्चच्या वह्या स्वतः बसून चाळल्या.

अर्जेंटिनात हे किती मोठ्या प्रमाणावर झालं?

सागरगोटा

मांडवीदादा, खूप मोठ्या. स्पेननं २००७ च्या ऐतिहासिक स्मृतीच्या कायद्यानं डिसेंबर २००८ ते डिसेंबर २०११ अशी तीन वर्षं नागरिकत्वाची खिडकी उघडली. मैत्रिणीच्या वडिलांचे कागद त्यात झाले. २०२२ मध्ये दुसरा कायदा आला, त्याला लोक 'नातवंडांचा कायदा' म्हणतात. त्याची मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत होती. आज अर्जेंटिनात स्पॅनिश नागरिकत्व असलेले पाच लाखांच्या आसपास आहेत, आणि त्यातले बहुतेक तिथंच जन्मलेले. इटलीचं नागरिकत्व तर पणजोबांवरूनही मिळायचं, ते मार्च २०२५ मध्ये इटलीनं आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत आखडलं.

मैत्रिणीच्या घरात एकच अडचण होती. आजोबांचं नाव गावच्या नोंदीत एका तऱ्हेनं, बोटीच्या यादीत दुसऱ्या आणि अर्जेंटिनाच्या लग्नाच्या दाखल्यात तिसऱ्या. म्हातारीनं गावच्या पाद्र्याकडून दाखला काढून टपालानं पाठवला.

नवखी_कोथरूड

आत्ता स्पेनमध्ये असलेल्या अर्जेंटिनावाल्यांचं कसं चाललं आहे? ते तिथल्या स्थानिकांच्या बरोबरीनं कमावतात का?

बार्सेलोनाकर

मी उत्तर देतो, अकरा वर्षं इथं आहे.

अर्जेंटिनात जन्मलेले चार लाखांहून जास्त लोक आता स्पेनमध्ये आहेत. निम्म्याहून जास्त कागदोपत्री स्पॅनिश किंवा इटालियन, त्यामुळे अर्जेंटिनी नागरिकांच्या आकड्यांत ते दिसतच नाहीत. १९७६ च्या लष्करी राजवटीनंतर आलेले बरेचसे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, पत्रकार होते. २००२ नंतर दुकानदार, तंत्रज्ञ आले. बाकी लॅटिन अमेरिकनांपेक्षा त्यांची स्थिती साधारणपणे बरी असते. पण पदवी एक आणि काम दुसरं, हे खूप पाहिलं. आमच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्तीला येणारा इंजिनियर आहे. आणि इथं यायचं टायमिंगही पाहा. २०१३ साली स्पेनमध्येच बेकारी २६ टक्क्यांच्या वर होती, तरुणांत ५० च्या वर. तेव्हा कितीतरी अर्जेंटिनावाले माघारी गेले आणि स्पॅनिश मुलं जर्मनीला.

आता कायद्यातला फरक. स्पेनचं नागरिकत्व मिळायला आपल्याला, भारतीयांना, सलग दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं. अर्जेंटिनावाल्याला दोन. आणि आजी किंवा आजोबा मुळचे स्पॅनिश असतील तर एक. माझ्याबरोबर एकाच आठवड्यात नोकरीला लागलेला अर्जेंटिनातल्या रोसारिओचा मुलगा तिसऱ्या वर्षी घराच्या कर्जासाठी, सरकारी परीक्षेसाठी, कुठंही ताठ मानेनं उभा राहिला. मी वास्तव्याच्या कार्डाच्या दर नूतनीकरणाला पहाटे पाचला रांगेत. एका बँकेनं कार्डाची मुदत चार महिने उरली म्हणून कर्ज नाकारलं. त्या मुलाबद्दल मला राग नाही, तो जिवाला जीव देणारा मित्र आहे. पण 'कोणता समाज पुढे गेला' असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, दार कुणाला किती वर्षांनी उघडलं?

आकडेमोड

बार्सेलोनाकर, तुमचा प्रतिसाद वाचून माझं एक मत बदललं. मी निवड-प्रक्रियेवर, म्हणजे कोण गेलं आणि कोण परतलं यावर, फार भर देत होतो. आजचं उत्पन्न समजायला कागद आणि चलन जास्त उपयोगी दिसतात.

सागरगोटा यांच्या फ्रँकच्या मुद्द्याला जोड देतो. १९५९ साली स्पेननं स्थिरीकरण योजना आणली, पेसेटा या आपल्या तेव्हाच्या चलनाचं अवमूल्यन केलं, परदेशी भांडवलाला वाट दिली. नंतर पर्यटक आणि परदेशातल्या कामगारांच्या हुंड्या यांनी परकीय चलन भरलं. १९८६ ला युरोपीय समुदायात प्रवेश. पण हे विसरू नये की १९४० च्या दशकात हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनला कुणी उभं करत नव्हतं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष पेरोनच्या अर्जेंटिनानं उधारीवर गहू पाठवला. त्यांच्या पत्नी एव्हा पेरोन १९४७ साली स्पेनला आल्या तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते ते काही उगाच नाही. थोरल्यानं गावी पाठवलेल्या कोटांसारखाच तो देशाचा कोट होता.

आणि अर्जेंटिनातल्या घरांची संपत्ती कमी मोजली जाते हेही खरं. तिथं लोक डॉलरच्या नोटा घरात ठेवतात, फ्लॅटचे भाव डॉलरमध्ये सांगतात. हे बँकेच्या आकड्यात येत नाही.

सागरगोटा

हो, मैत्रिणीच्या वडिलांनी २००२ नंतर बँकेत एक पेसोसुद्धा ठेवला नाही.

ते या वसंतात पहिल्यांदा इथं आले, सत्त्याहत्तराव्या वर्षी. मी गाडी चालवली. शाळेच्या पाटीजवळ बराच वेळ उभे होते. शाळा बंद आहे, गावात मुलंच नाहीत. ओउरेन्से हा युरोपातल्या सर्वांत वयस्क जिल्ह्यांपैकी एक. पाटीवर वर्गणीदारांची नावं नाहीत, फक्त मंडळाचं नाव आणि साल. त्यांनी तरी बोटानं अक्षरं चाचपून वाचली.

जेवण झाल्यावर म्हातारीनं पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मध्ये रेघ मारली. एका बाजूला तिचं महिन्याचं पेन्शन, शेतकीचं आणि नवऱ्याच्या स्वित्झर्लंडच्या नोकरीचं थोडं. दुसऱ्या बाजूला यांचं, एक्केचाळीस वर्षं दुकान चालवून, हप्ते भरून मिळणारं. मैत्रिणीनं फोनवर पेसोचे युरो करून सांगितले. बटाटे आणि एक गाय यांच्यावर आयुष्य काढलेल्या बाईचं पेन्शन त्यांच्या तिप्पट निघालं.

ते म्हणाले, "वडिलांनी तुला कोट पाठवले ते चांगलं केलं." ती म्हणाली, "ते कोट मी पाच जणींनी वापरलेले पाहिलेत."

मग तिनं तो कागद घडी करून डब्यात, पावत्यांच्या वर ठेवला, आणि त्यांच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.